वारा न लागणारं घर

माठ घेताना टिचकी मारून बघतात ना, तशी मी त्या लोखंडी कंटेनरवर बोटं वाजवली, आणि आतून आवाज आला, "कोण हाय?"

मी दोन पावलं मागं सरले. मे महिन्याचं टळटळीत ऊन, परंदवडीच्या माळावर एकावर एक रचलेले कंटेनर, आसपास चिटपाखरू नाही... आणि बंद डब्याच्या पोटात माणूस!

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"आधी दार उघडा, मग सांगतो. दांडा वर उचला आन् भायेर वढा."

जीव खाऊन ओढला. दार करकरलं आणि घामानं निथळणारा एक उंच, सावळा माणूस डोळे मिचकावत बाहेर आला. उन्हाकडं बघावं की माझ्याकडं, हे त्याला कळत नव्हतं. मग त्यानं माझ्याकडं बघायचं ठरवलं.

"आत कशाला कोंडून घेतलं होतं? बायकोनं हाकललं का?"

"बायको न्हाई अजून." तो शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत हसला. "डबा तपासत होतो. दार लावून आत अंधारात उभं ऱ्हायचं. कुटं टाचणीएवढा उजेड दिसला, की समजायचं, तितून पाणी येणार. गडी भायेर उभा होता, गेला वाटतं चहाला."

"नाव काय तुमचं?"

"मारुती."

"मग बरोबर आहे," मी म्हणाले, "बायको कुठून असणार!"

माझं तोंड हे असं आहे. आई म्हणायची, "रेणुका, तुझ्या जिभेला हाड न्हाई, कोन करील तुला?" पण तो रागावला नाही. खळखळून हसला. आणि मला आठवलं, की कुणाला हसवून मला किती महिने झाले होते.

त्याला कारण होतं. परतीच्या पावसात आमच्या घराची मागची भिंत पडली. मातीची भिंत, चार महिने पाणी पिऊन फुगलेली. माझा भाऊ सत्यम दुपारचा तिच्या कडेला झोपला होता. आम्ही हातांनी माती उपसली. नखं गेली माझी. त्याला काढला तेव्हा तो अजून कोमट होता. त्याच महिन्यात वहिनीला, पिंकीला, दिवस गेल्याचं कळलं होतं. त्याला सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून आम्ही तिघी, मी, आई आणि पिंकी, पवनानगरला माझ्या खानावळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. धरणाच्या काठावर तंबू ठोकून पर्यटक राहतात, त्यांना मी पिठलं-भाकरी पुरवते. पिंकीला माहेर असं नव्हतंच, मामाकडं वाढलेली पोर. बाळंतपण आमच्याकडंच होणार होतं, आणि तेही ऐन आषाढात. शेडमध्ये पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी वाहतं. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. मी ठरवलं होतं, आता मातीची भिंत नको, विटेची नको. लोखंड हवं. पडणार नाही, गळणार नाही, असलं घर.

हे सगळं मी मारुतीला त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. का, कुणास ठाऊक. त्यानं मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग घाईनं घेऊ नका. आधी ह्या डब्यांची भाषा शिका. न्हाईतर इकनारा काय वाट्टेल ते गळ्यात मारतोय."

"विकणारे तुम्हीच ना?"

"म्हनून तर सांगतोय."

मग आम्ही हिंडलो. तो पुढं, मी मागं, डोक्यावरून पदर ओढून.

"ह्यो वन ट्रिप. म्हंजे एकदाच माल घेऊन बोटीतनं आला. जवळजवळ कोराच."

"आणि हा? ह्याचा तर रंगच गेलाय."

"ह्याला म्हनत्यात ॲज इज. हाय तसा. गंज, खड्डे, भोकं, समद्यासकट. एकदा नेला की तुमचा, मागं तक्रार न्हाई."

"अगं बाई, हे तर स्थळं बघण्यासारखंच झालं!"

"तसंच समजा." तो पुढच्या डब्याकडं वळला. "ह्यो हाय क्यूब. हातभर जास्त उंच. पंखा लावला तरी डोकं लागायचं न्हाई. आन् त्यो पांढरा दिसतोय, त्यो रीफर. मासळी-मटन गार ठेवायचा."

"आणि तुम्ही कशात मोडता? वन ट्रिप, की गार?"

तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या, सावळ्या माणसाच्यासुद्धा होतात. "मी..." तो म्हणाला, "ॲज इज. बगून घ्या. मागनं तक्रार न्हाई चालायची."

वडगावच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी खिडकीबाहेर बघून एकटीच हसतेय. शेजारची मावशी मला वेड लागल्यागत माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या खेपेला त्यानं मला एका डब्याच्या दारावरची पाटी दाखवली. लाकडी तळाला कीड लागू नये म्हणून कुठलं विष मारलंय, ते तिथं लिहिलेलं असतं म्हणे. "तान्हं पोर हितं रांगनार," तो म्हणाला, "तर ह्यो तळ नको. आपन दुसरा बगू." तान्हं पोर माझ्या घरातलं, आणि काळजी ह्याला! तेव्हाच तो मला हवासा वाटला. प्रेम म्हणा, नाहीतर भूक म्हणा.

तिसऱ्या खेपेला आम्हाला तो सापडला. निळा, वीस फुटी, उंच, तळ नवा टाकलेला. मारुती म्हणाला, "ह्याला आमच्यात वारा-पानी बंद म्हनत्यात. बगायचंय?"

मी आत गेले. तोही आला. गड्याला बाहेर उभं करून त्यानं दार लावायला सांगितलं.

अंधार... इतका, की डोळे उघडे आहेत का मिटलेले तेही कळेना. वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले होते, ते छतावर ताडताड वाजत होते आणि आत एक थेंब नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता. माझाही त्याला येत असणार.

"दिसतोय का कुटं उजेड?" तो हळूच म्हणाला.

"नाही."

"नीट बगा."

"नाही म्हटलं ना..." आणि मग माझा हात त्याच्या हाताला लागला. चुकून नाही, मीच लावला. खोटं कशाला बोलू? त्यानं हात काढून घेतला नाही. बोटांत बोटं अडकली, आणि आम्ही दोघं त्या काळोखात उजेड शोधत उभे राहिलो, आणि सापडू नये असं मला मनापासून वाटत होतं.

मग त्यानंच दारावर थाप मारली. "बास. ह्यात जास्त येळ ऱ्हायचं नसतंय." बाहेर आल्यावर त्याचा आवाज बदलला. "रेणुका, एक ध्यानात ठेवा. जितनं उजेड येत न्हाई, तितनं हवापन येत न्हाई. बोटीवर माल भिजू नये म्हनून बनवल्यात हे डबे, मानसाला ऱ्हायला न्हाई. मी खिडक्या कापल्याबिगर ऱ्हायचा डबा गेटच्या भायेर सोडत न्हाई. माझा नियम हाय."

"मग कापा की."

"कापायचं मशीन लोनावळ्याला गेलंय, एका रिसॉर्टचं काम चाललंय. पंधरा-वीस दिवस लागत्याल."

मी थांबायला तयार होते. पाऊस तयार नव्हता. जूनच्या मध्यालाच त्यानं असं काही तोंड उघडलं, की शेडमध्ये चूल पेटेना. पिंकीचे पाय सुजलेले, तिला बाजेवरून उतरवायचं तर पाण्यात. मी त्याला फोन केला. विनवलं, चिडले, शेवटी रडले.

"आनतो," तो म्हणाला. "पर माझं ऐकायचं. मशीन आलं की पहिलं काम तुमचं. तवर दाराची एक फळी दिसरात उघडी. वरच्या कोपऱ्यांत हवेला बारीक भोकं पाडून आनतो, ती बुजवायची न्हाईत."

तो स्वतः ट्रेलरवर बसून आला. क्रेननं डबा खाली उतरवताना अख्खं पवनानगर बघायला लोटलं. आईनं डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "लेकरा, लय उपकार झालं बग," ती म्हणाली. माझी आई शालूबाई कुणाला इतक्या लवकर लेकरासारखं हाक मारत नसे.

"उपकार कसलं, मावशी. एवडं दार तेवडं उघडं ठेवा."

"व्हय रं बाबा, किती येळा सांगशील!"

त्यानं छतावर गवत पसरलं, आत विजेचा दिवा ओढून दिला. निघताना मी त्याला चहाचा पेला दिला, तेव्हा पेल्याखाली त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच थांबली.

"आईला आवडलात तुम्ही," मी म्हणाले.

"आन् आईच्या लेकीला?"

"लेकीनं अजून तपासलं नाही. सोमवारी या मशीन घेऊन, मग सांगते."

"सोमवारी? बगा हां... सांगायचं म्हंजे सांगायचं."

सगळा जीव त्या सोमवारावर येऊन बसला होता माझा. त्याआधीच्या मंगळवारी पिंकी वडगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सत्यमचंच नाक, सत्यमचीच हनुवटी. आईनं तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि भिंत पडल्यापासून अडकून राहिलेलं सगळं रडून घेतलं. पाचवी पुजली. त्या निळ्या डब्यात धूप-ओव्याचा वास भरला, आणि मला वाटलं, चला, आपलं घर झालं.

आमच्याकडं बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. तुमच्याकडंही नसतील देत. कान बांधतात, खोली बंद करतात, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून शेक देतात. माझ्या आईनं तसंच काढलं, तिच्या आईनं तसंच काढलं. पण त्या घरांना कौलं होती. कौलांच्या फटींतून धूर जायचा, हवा यायची, कुणाला त्याचा विचारही करावा लागला नव्हता.

सोमवारी पहाटेपासून वादळी पाऊस होता. उघड्या फळीतून शिंतोडे थेट बाजेपर्यंत येत होते. मी निघताना आई कुरकुरली, "वल्ली बाळंतीन हाय गं, वारं शिरलं तर जल्माचं दुखनं लागंल." मी म्हणाले, "आई, दार लावायचं नाही. मारुती येईलच आज." आणि खानावळीत गेले. त्या दिवशी मोठा घोळका उतरला होता, भाकऱ्या थापता थापता मी मनात शब्द जुळवत होते, त्याला काय सांगायचं ते.

आईनं दार लावलं. त्या दाराला आतून कडी नसते, म्हणून दोरीनं बांधलं. वरच्या भोकांतून गार झुळूक येत होती, तर तिनं जुन्या लुगड्याचे बोळे करून तीही बुजवली. शेगडी भरली. नात उबेत झोपावी, सुनेच्या हाडांत गारठा शिरू नये, एवढंच होतं तिच्या मनात. दुसरं काही नव्हतं.

मारुती आला तेव्हा दार बंद होतं. त्यानं हाका मारल्या. बाहेरून ओढलं तर दोरी ताणली जायची आणि दार तेवढंच अडायचं. त्या फटीत त्यानं कोयता घातला आणि दोरी तोडली.

मला कुणीतरी बोलवायला आलं. मी पिठाच्या हातांनी धावले. पिंकीला आणि बाळाला त्यानं आधीच गावातल्या एका जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं होतं, दोघी श्वास घेत होत्या. आणि तो चिखलात गुडघ्यांवर बसून माझ्या आईची छाती दाबत होता. पाऊस तिच्या उघड्या डोळ्यांत पडत होता. मी त्याला किती वेळ दाबू दिलं, मला आठवत नाही. शेवटी मीच त्याचे हात धरले.

"मावशी उठंल," तो म्हणत होता, "उठंल मावशी..."

"सोडा," मी म्हणाले. "गेली ती."

डॉक्टर म्हणाले, तिला दमा होता, आणि पहाटेपासून निखाऱ्याजवळ तीच बसली होती. कोळशाच्या वायूला ना वास, ना रंग. पोलिसांनी पंचनामा केला. गाव म्हणालं, डबा अपशकुनी आहे, आल्या आल्या बळी घेतला. स्मशानातून परत फिरताना मारुती माझ्यासमोर आला, आणि माझा तोल सुटला.

"तुमचा नियम होता ना? मग मोडलात कशाला? मी रडले म्हणून? बाई रडली की नियम मोडायचा? तुम्ही नाही म्हणायला हवं होतं!"

"व्हय," तो म्हणाला.

"व्हय काय व्हय? तो डबा घेऊन जा. मला दिसता कामा नये. आणि तुम्हीही."

मला हवं होतं त्यानं भांडावं. म्हणावं, की मी तर सांगितलं होतं. शब्दानं म्हणाला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. कारण रोज संध्याकाळी मी फोनकडं बघत होते. आई जाऊन आठवडा झालेला, आणि मला एका माणसाच्या आवाजाची तहान लागलेली! स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेरावा झाला, आणि तो ट्रेलर घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी शेडच्या दारात उभी होते. त्यानं माझ्याकडं न बघता साखळदंड काढायला घेतले.

तेवढ्यात पिंकी शेडमधून बाहेर आली. बाळ छातीशी, डोक्यावर पोतं घेतलेलं. पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यातून चालत ती सरळ डब्यात गेली आणि तळावर मांडी घालून बसली.

"वहिनी, उठ," मी म्हणाले. "त्यात नको बसू."

पिंकी अबोल बाई. सत्यम गेल्यापासून तर तिचे शब्द मोजता आले असते. त्या दिवशी मात्र ती बोलली.

"भिंतीनं नवरा नेला. डब्यानं सासू नेली. म्हनून काय पोरीला घेऊन उघड्यावर ऱ्हाऊ?" तिनं पदरानं बाळाचं डोकं पुसलं. "त्यांनी जाता जाता आमालाच ऊब दिली. मी ह्यातनं हलनार न्हाई." मग ती मारुतीकडं वळली. "दाजी, साखळ्या ठेवा. मशीन आनलंय का? खिडक्या पाडा. मोठ्या पाडा."

दाजी! नणंदेच्या नवऱ्याला हाक मारावी तशी, सरळ, सगळ्यांसमोर. माझे कान तापले. मारुतीच्या हातातली साखळी खाली पडली.

मशीन त्यानं आणलं होतं. त्या सोमवारपासून ते त्याच्या गाडीतच होतं, उतरवायची हिंमत झाली नव्हती. पिंकी बाळाला घेऊन खानावळीत जाऊन बसली. पहिली खिडकी कापायला बराच वेळ लागला. ठिणग्या उडत होत्या, लोखंड किंचाळत होतं. मग तो चौकोन धाडकन बाहेर चिखलात पडला आणि धरणावरचा पांढुरका उजेड आत आला. आई बसायची ती जागा मला स्पष्ट दिसली. मी तिथं गेले, आणि तिथंच उभी राहिले. तो खिडकीपलीकडं, पावसात.

"सोमवारी काय सांगनार होता?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू, की पावसात जेमतेम ऐकू आला. "आता नका सांगू वाटलं तर... पर मी त्येच ऐकायला आलतो."

मी शब्द जुळवले होते ना, भाकऱ्या थापताना. गोड, लाडिक, चावटसुद्धा. त्यातला एकही आता तोंडात येईना.

"मारुती," मी म्हणाले, "मला तू हवास. तेव्हाही हवा होतास, आत्ताही हवास. पण तुला बघितलं की मला आई दिसते, चिखलात पडलेली. तुझे हात तिच्या छातीवर. हे कधी जाईल, मला माहीत नाही. कदाचित जाणारच नाही. पिंकीला आणि पोरीला सोडून मी कुठं येणारही नाही. हे असं आहे. तरी राहशील?"

त्यानं कामाचा चष्मा काढला, ज्याच्यावर लोखंडाची भुकटी बसली होती, आणि ओल्या बाहीनं पुसायचा प्रयत्न केला. जमेना त्याला.

"मावशी मलापन दिसत्यात," तो म्हणाला. "डोळं मिटलं की दिसत्यात. एकट्यानं बगवत न्हाई गं, रेणुका. दोघं मिळून बगू."

मी खिडकीतून हात बाहेर काढला. कापलेली कड अजून गरम होती, दंडाला चटका बसला, पण मी हात मागं घेतला नाही. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि तसाच उभा राहिला. मग अंधारायच्या आत काम उरकायला हवं होतं, म्हणून त्यानं खडू घेतला आणि दुसऱ्या खिडकीची रेघ मारायला लागला.